‘प्लीज ट्राय अगेन’: आमच्या शॉपमधल्या हजेरी ॲपचा चौदा महिन्यांचा हिशोब

आधीच सांगतो, ॲपचं नाव लिहिणार नाही. एकतर रिन्युअलची बोलणी चालू आहेत, आणि दुसरं म्हणजे ह्या धंद्यातली पाच-सहा ॲपं आतून सारखीच, रंग तेवढे वेगळे. बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांच्या गेटवर अलीकडं ती काळी, पाटीएवढी, चेहरा ओळखणारी मशीन बसलीय त्यांना बरोबर कळेल मी कशाबद्दल बोलतोय. स्टार मागाल तर पाचापैकी तीन. त्यातले दीड मालकाच्या बाजूनं, दीड कामगाराच्या बाजूनं आणि सुपरवायझरच्या बाजूनं शून्य, कारण तो सुपरवायझर मी आहे.

आमचं शॉप लहान. ३४ माणसं, सहा सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), मागच्या शेडमध्ये फेटलिंग (म्हणजे कास्टिंगची वाळू आणि कंगोरे काढणं) आणि ग्राइंडिंग. कास्टिंग बाहेरच्या फाउंड्रीतून येतं, आम्ही साफ करून मशिनिंग करून कोल्हापूरकडं पाठवतो. माणसं मच्छे, पिरनवाडी, देसूर, येळ्ळूरची, काही खानापूरकडून पॅसेंजरनं येतात, दोन पोरं बैलहोंगलची, चार बिहारची जी मागच्या गल्लीत खोली करून राहतात. आधी हजेरी म्हणजे मस्टर आणि मस्टर म्हणजे मी. सकाळी आठला गेटजवळ उभा राहून पी नाहीतर ए लिहायचं, ओटीचे, म्हणजे ओव्हरटाइमचे, तास शेवटच्या रकान्यात, महिनाअखेरीला बेरीज, आणि मग पगाराच्या दिवशी "साहेब, माझे चार तास कुठं गेले" ही आरती. मग आमचे धाकटे मालक पुण्याहून शिकून आले आणि म्हणाले काका हे सगळं बंद, सिस्टीम आणूया. काका म्हणजे मीच, थोरल्या मालकांच्या काळापासून आहे म्हणून.

सेल्सवाला आला, कुंदा खाल्ला, लॅपटॉप उघडला. मशीन साडेअकरा हजार, वर माणशी महिना ६० रुपये. त्यात गेटची हजेरी, रजा, पगारपत्रक, बाहेर जाणाऱ्या माणसाचं लोकेशन आणि मालकाच्या फोनवर एक डॅशबोर्ड जिथं प्रत्येक कामगाराच्या नावापुढं ठिपका, हिरवा पिवळा नाहीतर लाल. धाकट्या मालकांना तो ठिपकाच आवडला. मला त्याच दिवशी पोटात गोळा आला होता पण बोललो नाही, आपल्याला सिस्टीमचं काय कळतंय असं वाटलं.

मशीन म्हणून मशीन चांगली आहे, खोटं का बोला. सकाळी एका सेकंदात चेहरा घेते, "थँक यू" म्हणते, पुढचा. पावसाळ्यात सगळे भिजून रेनकोट निथळत येतात तरी चालते. ह्याआधी दोन वर्षं मस्टरच्या जोडीला बोटाची मशीन होती तिच्यापेक्षा शंभर पटीनं बरी, कारण ग्राइंडिंगवरच्या माणसाच्या बोटावर रेषाच राहत नाहीत ओ, अंगठा दाबून दाबून मशीन घासून गेली पण मामांचं बोट काही तिला कधी ओळखता आलं नाही. (मामा म्हणजे फेटलिंगमधले सगळ्यात जुने, सगळेच त्यांना मामा म्हणतात, थोरले मालक सुद्धा.)

प्रॉब्लेम संध्याकाळी. फेटलिंगमधून बाहेर आलेल्या माणसाचं तोंड बघितलंय का कधी? डोळे आणि दात सोडून सगळं काळं. सकाळी एक माणूस आत गेला आणि संध्याकाळी दुसराच बाहेर आला असं मशीनला वाटतं आणि ती म्हणते "प्लीज ट्राय अगेन". परत उभं राहा, "प्लीज ट्राय अगेन". आता पोरं हाच डायलॉग मारतात, कुणी उसने पैसे मागितले की प्लीज ट्राय अगेन, कुणाला बघायला गेलेल्या पोरीकडनं नकार आला की प्लीज ट्राय अगेन. मग नळावर तोंड धुवायची रांग, त्यात दहा-बारा मिनिटं जातात, आणि खानापूरच्या पोरांची पॅसेंजर चुकायची वेळ येते म्हणून ती न पंच करताच पळतात. त्याला ॲप म्हणतं ‘मिस पंच’. आणि मिस पंच म्हणजे डिफॉल्ट सेटिंगला अर्धा दिवस कट. म्हणजे आठ तास लोखंड घासलं ते खरं नाही, गेटवर तोंड दाखवलं नाही तेवढं खरं.

पहिल्या महिन्याच्या पगाराला ११ जणांचे अर्धे दिवस कापले गेले. बैलहोंगलचा पोरगा माझ्यापुढं उभा, "सर, नंदु अर्ध दिन याक कट आत्रि?" म्हणजे माझा अर्धा दिवस का कट झाला. मी त्याला काय सांगू? मलाच माहीत नव्हतं. आधी मस्टर माझ्या हातात होतं, चुकलं तर खोडून दुरुस्त करायचो, बाजूला सही मारायचो. आता ‘रेग्युलरायझेशन रिक्वेस्ट’, म्हणजे हजेरी दुरुस्तीचा अर्ज, टाकायची, ती माझ्या फोनवर येणार, मी अप्रूव्ह करणार, पण ४८ तासांच्या आत आणि माणशी महिन्याला दोनच. तिसरी टाकता येत नाही, बटणच करडं होतं. मामांना स्मार्टफोन नाही, त्यांची रिक्वेस्ट त्यांच्या नातवानं रात्री टाकायची. मामा मला म्हणाले ते लक्षात राहिलंय, "मुकादमाला शिव्या दिल्या की जरा बरं तरी वाटायचं, ह्या डबड्याला शिव्या देऊन काय उपयोग गा."

ह्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करत होतो कारण आमच्या घरात तीन पिढ्या गेटवर मोजून घेण्यातच गेल्या. आजी निपाणीला तंबाखूच्या वखारीत. तिथं ना घड्याळ ना कार्ड, मुकादम सांगेल तो टाइम. सकाळी तो मोजून आत घ्यायचा आणि संध्याकाळी बाहेर पडताना बायकांची झडती, पदर झटकून दाखवायचा, तंबाखू नेली की काय म्हणून. आजी हे सांगताना अजून लाजायची. १९८० च्या सुमाराला तिथल्या बायकांनी संघटना केली, संप केले, तेव्हा मजुरीबरोबर हा मान-अपमानाचा मुद्दा पण होता असं ती सांगायची. मजुरी किती वाढली ते तिला आठवत नव्हतं पण मुकादमाची भाषा बदलली हे ती दर वेळेला सांगायची, "अहो जाहो कराय लागला बघ."

वडील इथंच शहरात एका मोठ्या कारखान्यात. त्यांच्या वेळी पितळी बिल्ला, त्याच्यावर नंबर, गेटवरच्या फळीवरून उचलायचा आणि आतल्या फळीला लावायचा. भोंगा झाला की दहा मिनिटांनी फळी बंद, त्यानंतर आला तर टाइम ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून कारण सांगायचं. तेव्हा सगळ्यांचं कारण एकच, तिसरं रेल्वे गेट. गाडी आली, फाटक पडलं, काय करू साहेब. आता तिथं वर पूल झालाय त्यामुळं ते कारण पण गेलं. पुढं कार्ड पंचिंग आलं, उशीर झाला की घड्याळ लाल शाईत टाइम छापायचं, आणि महिन्याचं कार्ड किती लाल झालं हे आई बघायची, साहेब नंतर. आणि दोस्ताचं कार्ड दोस्तानं मारायचं हे तर जगभर चालत असणार.

ती घड्याळाची भानगड कुठून आली म्हणून मी रात्री फोनवर शोधत बसलो, ॲपनं झोप उडवली होती ना. तर १८८८ च्या आसपास अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ऑबर्न म्हणून गावात विलार्ड बंडी नावाच्या एका सराफानं ते हजेरीचं घड्याळ काढलं. प्रत्येक कामगाराला नंबरची किल्ली, ती घातली की कागदावर नंबर आणि वेळ छापणार. त्यातनं मोठी कंपनी झाली आणि ती पुढं ज्या कंपन्यांच्या मोटेत बांधली गेली ती मोट म्हणजे १९२४ पासूनची आयबीएम. म्हणजे कॉम्प्युटरच्या घराण्यात एक पूर्वज गेटवरचं पंचिंग घड्याळ आहे. हे वाचल्यावर मला त्या काळ्या पाटीचा राग जरा कमी आला, म्हटलं घराणंच तसं.

त्याच्याही आधीची गोष्ट वाचली ती जास्त लागली. स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत रॉबर्ट ओवेन म्हणून मॅनेजर होता, १८०० पासून तो ती गिरणी बघत होता. त्यानं प्रत्येक कामगाराच्या जागेशी एक लाकडी ठोकळा टांगला, चार बाजूंना चार रंग. काळा म्हणजे वाईट काम, निळा म्हणजे बेताचं, पिवळा चांगलं, पांढरा एकदम उत्तम. आदल्या दिवशीच्या कामाप्रमाणं रंग पुढं फिरवून ठेवायचा. ओरडणं नाही, मारणं नाही, नुसता ठोकळा बघायचा. वाचताना मला धाकट्या मालकांच्या फोनमधले ठिपकेच दिसायला लागले. सव्वादोनशे वर्षं झाली ओ, ठोकळ्याचा ठिपका झाला, बाकी काय? बाकी एक फरक आहे तो सांगतो. ओवेनच्या गिरणीत कामगाराला रंग चुकीचा वाटला तर थेट त्याच्याकडं जाऊन तक्रार करायची मुभा होती. आणि ठोकळा स्वतः कामगाराला पण दिसत होता! आमच्या ॲपमध्ये ठिपका फक्त मालकाला दिसतो. ज्याचा रंग त्यालाच माहीत नाही. सेल्सवाल्याला विचारलं तर म्हणाला तो ‘एम्प्लॉयी व्ह्यू’ वरच्या प्लॅनमध्ये आहे, माणशी ९० रुपये.

आता ‘तीन लेट म्हणजे अर्धा दिवस’ ह्या नियमाबद्दल, कारण हे जवळजवळ सगळ्या ॲपमध्ये तयार टिक केलेलंच येतं आणि कुणी बघत नाही. १९३६ च्या वेतन कायद्यापासून साधा नियम आहे, गैरहजेरीचे पैसे कापायचे तर जेवढा वेळ गैरहजर तेवढ्याच प्रमाणात कापायचे. दहा-दहा मिनिटं तीनदा उशीर झाला तर अर्धा तास होतो, चार तास कुठून आले? आणि दंड म्हणून कापायचा तर त्याची कारणं आधी लावलेली पाहिजेत, माणसाला बाजू मांडायला दिली पाहिजे आणि सगळा दंड मिळून त्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या वर जाता कामा नये. २०१९ च्या वेतन संहितेत पण हे तीन टक्के तसेच आहेत. हे मी आमच्या पीएफचं काम बघणाऱ्या कन्सल्टंटकडून समजून घेतलं आणि मग धाकट्या मालकांना चहावर सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "काका, हे ॲपवाल्यांना माहीत नाही?" माहीत असेल की. पण डिफॉल्ट टिक काढायला कोण जातंय. आमच्याकडं टिक मीच काढली, पासवर्ड मागून घेऊन. ह्याला मी ॲपचा एक स्टार कापलाय.

बरं, आता चांगलं सांगतो, नाहीतर वाटेल काका नुसते रडतायत.

ओटी. आधी ओटीचा हिशोब माझ्या वहीत आणि मालकाच्या मनात असायचा. ठरलेल्या तासांच्या वर गेलं की कायद्यानं दुप्पट दरानं द्यायचं, हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून आहे, पण छोट्या शॉपमध्ये सिंगल ओटीच चालतो हे आपण सगळे जाणतो, उगीच सोवळं नको. ॲप आल्यावर काय झालं की प्रत्येकाच्या फोनवर स्वतःचे इन-आउट टाइम दिसायला लागले. सहाव्या महिन्यात सीएनसीच्या पोरांनी महिन्याभराचे स्क्रीनशॉट काढले, एका पोराच्या बहिणीनं बेरीज करून दिली आणि तिघं ऑफिसमध्ये गेले. ओरडले नाहीत, काही नाही. "सर, ही तुमचीच सिस्टीम सांगतेय." थोरले मालक तोंडात पान असून गप्प बसले, मी पहिल्यांदा बघितलं. दुप्पट लगेच सुरू झालं असं नाही, दोन महिने घासाघीस झाली, पण झालं. ज्या डबड्यानं मालकाला माणसं मोजायची होती त्याच डबड्यानं माणसांनी मालकाला मोजलं. हा खरोखर ॲपचा सगळ्यात मोठा फायदा आणि तो ब्रोशरमध्ये कुठंही छापलेला नाही.

मालकांची पण बाजू आहे. पुढच्याच महिन्यात सेटिंगमध्ये ‘३० मिनिटांखालचा ओटी धरू नये’ असं आलं. म्हणजे तो तोंड धुवायचा वेळ पण गेला आणि वरची २५ मिनिटं पण गेली. कुणी केलं विचारलं तर सगळे म्हणतात ‘सिस्टीमनं’. सिस्टीमला हात नसतात एवढं मला कळतं.

सुट्टीचा मेनू पण एकदा उघडून बघा. ‘वीकली ऑफ’ म्हणून एक ड्रॉपडाऊन आहे, त्यात रविवार आधीच निवडलेला. किती साधं वाटतं. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांची माणसं वर्षानुवर्षं अर्ज-सभा करत होती तेव्हा कुठं १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. मी तो ड्रॉपडाऊन भरताना उगीच दोन सेकंद थांबतो. आमच्याकडं खरी अडचण रविवारची नसून रोप लावणीची. जुलैत येळ्ळूर-देसूरची माणसं चार-पाच दिवस शेतात असणारच, सुगीत परत तसंच, हे थोरल्या मालकांना तीस वर्षं माहीत आहे, ते ऑर्डर तशा घेतात. ॲपला माहीत नाही. पहिल्या जुलैत डॅशबोर्ड सगळा लाल झाला आणि वर संदेश आला, ‘तुमच्या संस्थेत गैरहजेरीचा असामान्य कल आढळला आहे’. थोरले मालक म्हणाले, पाऊस आढळला असंल.

आता सगळ्यात वाईट भाग, लोकेशन. आमचा टेम्पोचा ड्रायव्हर आठवड्यातनं तीनदा कोल्हापूरजवळच्या शिरोलीला जातो, कोगनोळी ओलांडून. त्याच्या फोनमध्ये ॲप टाकलं. पहिल्या आठवड्यात धाकटे मालक ऑफिसात बसून गाडी बघायचे, निपाणीजवळ ४० मिनिटं थांबलास का, फोन. तो म्हणाला, "जेवायला थांबलो ओ साहेब, गाडी चालवत जेवू काय?" ते एक वेळ ठीक, डिझेल मालकाचं, गाडी मालकाची. पण एका सोमवारी ते त्याला सहज विचारून गेले, रविवारी चंदगडला काय काम होतं? त्याच्या सासुरवाडीला पोरगीचं बारसं होतं. ड्यूटी नव्हती, टेम्पो नव्हता, फोन मात्र खिशात होता आणि ॲप आउट-पंच केल्यावर पण चालूच होतं. माणूस कधी वर आवाज काढत नाही पण त्या दिवशी चावी टेबलावर ठेवून निघाला होता. मी बाहेर चहाच्या टपरीपर्यंत जाऊन परत आणलं.

फोर्डचं आठवलं मला. १९१३ ला त्यानं डेट्रॉइटजवळ हायलँड पार्कला सरकता पट्टा आणला आणि माणसं टिकेनात, पट्ट्याच्या वेगानं काम करायला कंटाळून सोडून जायची. म्हणून १९१४ ला दिवसाला पाच डॉलर, त्या काळी केवढी मोठी रक्कम. पण सगळ्यांना आपोआप नाही. कंपनीचं एक खातंच होतं, त्याची माणसं कामगाराच्या घरी जाऊन बघायची, घर स्वच्छ आहे का, पितो का, पैसे साठवतो का, घरात पोटभाडेकरू ठेवलेत का. पास झालास तर पाच डॉलर. तेव्हा निदान तो माणूस दार वाजवून यायचा! बायकोला कळायचं कोण आलंय. आता दार वाजत नाही.

आणि कायद्याकडं बघाल तर २०२३ चा जो डेटाचा कायदा आलाय त्यात नोकरीच्या कामासाठी माहिती वापरायला मालकाला कामगाराची वेगळी संमती घ्यावी लागत नाही अशी सोय आहे. आता चंदगडचं बारसं हे नोकरीचं काम कसं होतं ते मला कुणीतरी समजावून सांगा. आम्ही शेवटी गाडीतच ट्रॅकर बसवला आणि त्याच्या फोनमधनं ॲप काढलं. गाडीवर लक्ष ठेवा, गाडी बारशाला जात नाही.

हे फक्त कारखान्यातलंच नाही म्हणा. माझी मावशी खानापूर तालुक्यात, रोजगार हमीच्या कामावर जायची. तिथं पण २०२३ च्या एक जानेवारीपासून मोबाईलवर दिवसातनं दोनदा फोटोसहित हजेरी सक्तीची झाली. तिच्या गावाकडं झाडी, रेंज नाही. दुपारचा फोटो जाईना म्हणून सगळ्या बायका टेकडीवर चढायच्या. मावशी म्हणायची, चर खणून दमत नाही तेवढं फोटोला दमतो.

लीडरबोर्ड नावाचा एक प्रकार आहे, तो महिनाभर चालू करून बघितला. पहिला नंबर, शेवटचा नंबर, फोटोसहित. अमेरिकेत जीई कंपनीत जॅक वेल्च यांनी हे फार गाजवलं होतं, वरचे २० टक्के, मधले ७०, खालच्या १० टक्क्यांना घरचा रस्ता, मग सगळ्यांनी उचललं, मायक्रोसॉफ्टनं तसलंच काहीतरी ठेवलं होतं ते २०१३ ला बंद केलं. तिथं बंद झालेलं आमच्याकडं ६० रुपयांत मिळतंय. आमच्याकडं मामा दर आठवड्याला शेवटचे, कारण फेटलिंगचा नग ॲपमध्ये मोजलाच जात नाही. ज्या माणसानं खराब कास्टिंग हातात घेऊन नुसत्या आवाजावरून बाजूला काढावं तो लाल. पाचव्या आठवड्यात मी गुपचूप बंद केलं, कुणी विचारलं पण नाही.

आता नवीन ॲड-ऑन विकतायत, सीएनसीला काउंटर बसवायचा, स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) किती वेळ फिरला, किती वेळ उभा, सगळं सेकंदात. धाकट्या मालकांची फार इच्छा आहे. मी म्हटलं बसवा, पण ऑपरेटरला स्क्रीनवर कारण टाकायला बटण द्या, इन्सर्ट तुटला, क्रेनची वाट, ड्रॉइंग चुकलंय, लाईट गेली. नाहीतर थांबलेलं मशीन म्हणजे आळशी माणूस असंच वर दिसणार. टेलर नावाच्या इंजिनिअरनं अमेरिकेत स्टॉपवॉच घेऊन हेच सुरू केलं, त्याचं पुस्तक १९११ चं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्र कारखान्यातले मोल्डर स्टॉपवॉच लावलं म्हणून काम टाकून बाहेर पडले. मोल्डर बरं का, आपलीच जात, वाळू आणि लोखंडवाले. चौकशी बसली आणि पुढं तिथल्या संसदेनं सरकारी शस्त्र कारखान्यांत स्टॉपवॉचला बंदीच घातली. उलट जपानमध्ये टोयोटात काहीतरी चुकतंय असं दिसलं की कामगारानं दोरी ओढायची, दिवा लागतो, सुपरवायझर धावत येतो, सुटलं नाही तर लाईन थांबते. तिथं मोजणं आहेच, चांगलं कडक आहे, पण खालच्या माणसाच्या हातात एक दोरी आहे. आमच्या ॲपमधली सगळी नोटिफिकेशनं खालून वर जातात, वरून खाली फक्त ‘हॅपी बर्थडे’ येतो.

सपोर्टबद्दल दोन ओळी. फोन लागतो, हिंदी-इंग्लिश बोलतात, कन्नड पण, तिकीट नंबर देतात, मग तिकीट ‘रिझॉल्व्ड’ होतं, प्रॉब्लेम होत नाही. ॲपला मराठी भाषा आहे म्हणून मी खूश झालो होतो पण ती मराठी ‘आपली उपस्थिती यशस्वीरीत्या नोंदवली गेली आहे’ असली, पोरांनी परत इंग्लिश लावलं. कन्नडचं पण तसंच आहे म्हणे, बैलहोंगलचा पोरगा म्हणाला शाळेतला मास्तर बोलल्यागत वाटतंय. पगारपत्रक मात्र छान निघतं, पीएफ, ईएसआय सगळं वेगळं, कुणालाही दाखवता येतं, बँकेत लोनला पण चाललं एकाचं. इथं पूर्ण मार्क.

घ्यायचं का? दहा-पंधरा माणसांचं शॉप असेल तर मस्टरच बरं. वीसच्या वर असाल तर घ्या, पण पहिल्याच दिवशी सेल्सवाल्याला समोर बसवून त्याच्याकडूनच सगळ्या डिफॉल्ट टिक काढून घ्या, तीन लेटची, मिस पंचची, ओटी राउंडिंगची, ड्यूटीबाहेरच्या लोकेशनची. आणि सेटिंग बदललं की कुणी बदललं ते दिसेल असा लॉग मागा. आमच्या प्लॅनमध्ये तो नाही.

रिन्युअल पुढच्या महिन्यात. लोकेशन काढायला धाकटे मालक तयार झालेत, तीन लेटचं तर गेलंच, ओटीच्या ३० मिनिटांवर अजून घोडं अडलंय. रेग्युलरायझेशनची दोनची मर्यादा वाढवता येते का म्हणून सपोर्टला विचारलं तर तिकीट रिझॉल्व्ड. ह्या महिन्यात मामांचे मिस पंच चार झाले, दोन संपले, उरलेल्या दोनांना बटण करडं. म्हणून मी दुकानातनं एक दोनशेपानी वही आणली आणि मशीनच्या खालीच खिळ्याला अडकवलीय, सुतळीनं पेन बांधून. मशीननं घेतलं नाही तर वेळ लिहा, कारण लिहा, मी सही करणार आणि महिनाअखेरीला वही घेऊन मीच ऑफिसात जाऊन बसणार, असं थोरल्या मालकांशी बोलून ठेवलंय. पहिल्या पानावर मामांनी वेळेच्या रकान्यात ५.४० आणि कारणाच्या रकान्यात ‘तोंड’ एवढंच लिहिलंय. पेन आतापर्यंत दोनदा चोरीला गेलं.